पिठाचं बदक आणि पिठाचा कोंबडा



मे महिना जवळ आला की मला एकाच प्रकारचे फोन येतात. कुणाचा मुलगा सिंगापूरला, कुणाची लेक मलेशियाला. तिकिटं काढून झालेली असतात, खाकरे, चटण्या, भाजकं पीठ बांधून झालेलं असतं आणि मग हळूच प्रश्न येतो, "ताई, तिकडे मॉलमध्ये मुलं नूडल्स खायला बसली की आपण काय करायचं? व्हेजिटेरियन लिहिलेलं असतं म्हणे. चालतं का?"

चालतं की नाही हे मी कोण सांगणार! प्रत्येकीचा नियम वेगळा, घेतलेला त्याग वेगळा. पण त्या काउंटरमागे इतिहास मोठा आहे आणि तो कळला तर आपलं आपल्याला ठरवणं सोपं जातं. म्हणून आज पाककृती नाही, इतिहास.

सिंगापूरच्या फूड कोर्टमध्ये पाच-सहा काउंटर तरी नूडल्सचे असतात. त्यात बहुधा एक शाकाहारी असतो. पाटीवर एक चिनी अक्षर असतं, त्याचा उच्चार 'सू'. सू म्हणजे साधं, शाकाहारी. इथे सगळ्यात स्वस्त मिळते ती 'बी हून', म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया. आपल्या तांदळाच्या शेवयांची चुलत बहीणच म्हणा. परतलेल्या शेवया, वर कोबी, गाजर, सोयाबीनच्या दुधावरची वाळवलेली साय, अळंबी. आणि काचेच्या पेटीत मांडून ठेवलेले लालसर काप. नीट पाहिलं तर ते भाजलेल्या बदकाच्या मांसासारखे दिसतात. वर कातडीसारखी रेघसुद्धा. असतात मात्र ते गव्हाच्या पिठाचे किंवा सोयाचे. तीन-चार डॉलरमध्ये ताट भरतं. मजूर, शाळेची मुलं, ऑफिसातल्या बायका, सगळे तिथे रांगेत.

या काउंटरवर खऱ्या सांप्रदायिक पद्धतीचं जेवण असेल तर त्यात कांदा नसतो आणि लसूणही नसतो. हे ऐकून आपल्यातल्या पुष्कळ जणींना वाटतं, अरे, हे तर आपलंच! थोडं आपलं आहेही. किती, ते पाहू.

चिनी भाषेत अशा जेवणाला दुसराही एक शब्द आहे, 'जाय'. बौद्ध भिक्षू भारतातून चीनमध्ये गेले तेव्हा उपोसथ या व्रताला तिथल्या लोकांनी हाच शब्द लावला. उपोसथ म्हणजे आपल्या प्रोषधाचा सख्खा भाऊ. श्रमण परंपरेतल्या दोन्ही घरांनी जपलेली ही चाल. भिक्षूंनी मध्यान्हीनंतर जेवायचं नाही, हाही या 'जाय'चा एक अर्थ. चिनी बौद्धांमध्ये महिन्यातले सहा दिवस व्रताचे सांगितले आहेत : आठवा, चौदावा, पंधरावा, तेविसावा आणि शेवटचे दोन. त्यांचा महिना अमावास्येपासून मोजतात. आता बोटांवर मोजून पाहा. आठवा आणि तेविसावा म्हणजे दोन्ही पक्षांतल्या अष्टमी. चौदावा आणि एकोणतिसावा म्हणजे दोन्ही चतुर्दशी. आपली आजी ज्या दिवशी एकाशन करायची, त्याच दिवशी दूर चीनमधली कुणी आजी मांस वर्ज्य करत होती. आज सर्वसाधारण घरांत पहिला आणि पंधरावा एवढे दोन दिवस पाळतात. त्या दोन दिवशी शाकाहारी काउंटरवरची रांग दुप्पट होते.

कांदा-लसणीचंही असंच. चिनी बौद्धांमध्ये पाचव्या शतकापासून मानल्या गेलेल्या ब्रह्मजाल सूत्रात पाच उग्र वासाच्या वस्तू वर्ज्य सांगितल्या आहेत. लसूण आहे, कांद्याच्या जातीतल्या पाती आणि कंद आहेत, आणि पाचवी वस्तू कोणती? हिंग! तिचं चिनी नावसुद्धा आपल्या 'हिंगु' शब्दावरूनच गेलेलं. आपण कांदा-लसूण सोडला आणि त्या जागी हिंग घेतला. त्यांनी कांदा-लसणीबरोबर हिंगही सोडला. मला हे वाचून हसू आलं होतं. आमटीला हिंगाची फोडणी नाही म्हणजे काय, हे आपल्यालाच कळेल.

इथेच फरक दिसतो. त्यांचं कारण आहे वास आणि विकार. शिजवून खाल्लं तर वासना वाढते, कच्चं खाल्लं तर क्रोध वाढतो, असं त्यांचे ग्रंथ सांगतात. आपल्याकडेही विकाराचं कारण सांगतात, पण मुख्य कारण जीवांचं. कंद म्हणजे अनंतकाय, एका शरीरात अनंत जीव. म्हणून त्यांच्या ताटात गाजर, मुळा, बटाटा, अळंबी सगळं चालतं आणि आपल्याला यातलं काहीच चालत नाही. पाटी एकच, आतलं गणित वेगळं.

आता त्या पिठाच्या बदकाकडे येऊ.

चीनच्या दक्षिण भागात सहाव्या शतकात लिआंग घराण्याचा वू नावाचा सम्राट होऊन गेला. त्याचं राज्य ५०२ ते ५४९. हा मनापासून बौद्ध झालेला राजा. भिक्षू आणि भिक्षुणींनी मांस आणि मद्य सोडलंच पाहिजे, असा आग्रह त्याने धरला आणि त्यावर लेख लिहिला. आज चिनी बौद्ध भिक्षू शाकाहारी असतात, त्यामागे या राजाचा मोठा वाटा आहे. सगळ्या बौद्ध देशांत तसं नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच.

५१७ साली त्याने काही आज्ञा काढल्या. एक अशी की राजवैद्यांनी औषधात प्राणी वापरू नयेत. दुसरी अशी की सरकारी विणकरांनी रेशमी कापडावर पक्षी, पशू आणि सिद्धपुरुष यांची चित्रं विणू नयेत. का? कारण कपडा बेतताना कात्री त्या पाखरावरून जाते आणि ते करुणेला धरून नाही. सख्यांनो, हे वाचून मी थांबलेच. आपल्या पाठशाळेत मुलांना सांगतात ना, प्राण्याच्या आकाराची बिस्किटं, साखरेची खेळणी तोडून खाऊ नका, भाव बिघडतो. तेच, १५०० वर्षांपूर्वी, चीनच्या राजवाड्यात!

तिसरी आज्ञा त्याहून धाडसाची. पूर्वजांच्या मंदिरात बैल, मेंढे, डुकरं बळी द्यायची राजघराण्याची जुनी रीत होती. राजाने ती थांबवली आणि बळीचे प्राणी पिठाचे करायला सांगितले. दरबारात कुरकूर झाली, पूर्वज उपाशी राहतील म्हणून. पण खरे प्राणी वाचले.

नंतरच्या काळात चिनी स्वयंपाकघरात पीठ धुण्याची कला वाढली. कणकेचा गोळा पाण्यात चोळत राहिलं की सत्त्व वाहून जातं आणि हातात चिवट, रबरासारखा गोळा उरतो. कुरडईसाठी गहू भिजवून चीक काढणारीला हे समजावून सांगायला नको. आपण चीक ठेवतो आणि चोथा टाकतो, ते पिठातला तो चिवट भाग ठेवतात. तेराव्या शतकातल्या हांगझोऊ शहराच्या वर्णनात शाकाहारी खाणावळी आणि शाकाहारी नूडल्स यांची यादीच आहे. मांसासारखे दिसणारे पदार्थही त्या काळात रूढ झाले होते. विहारात दर्शनाला येणारा पाहुणा घरी मांस खाणारा. त्याला एक दिवस तरी मांसाविना जेवू घालायचं तर त्याच्या ओळखीचं रूप द्यावं, असा तो विचार. काचेच्या पेटीतलं बदक त्या वंशातलं.

हे जेवण सिंगापूरला कसं पोचलं, त्यात बायकांचा एक धागा आहे आणि आपण तो ओळखावा असा आहे.

दक्षिण चीनमध्ये कँटनजवळ शुंदे नावाचा रेशमाचा मुलूख. १८७०च्या दशकापासून तिथे वाफेवर चालणाऱ्या रेशीम गिरण्या आल्या आणि मुलींच्या हाती स्वतःची मजुरी आली. त्यांतल्या कितीतरी मुलींनी लग्न करायचं नाही असं ठरवलं. विधी करून, नवरीसारखा केसांचा अंबाडा स्वतःच बांधून घ्यायचा आणि आयुष्यभर ब्रह्मचारी राहायचं. १९३०च्या दशकात जगभर मंदी आली, रेशमाचा धंदा बसला. त्याच सुमारास, १९३३ पासून, इंग्रज सरकारने सिंगापूरला येणाऱ्या चिनी पुरुषांच्या संख्येवर मर्यादा घातली. बायकांवर ती १९३८ पर्यंत नव्हती. म्हणून या बायका मोठ्या संख्येने आल्या आणि श्रीमंतांच्या घरी स्वयंपाकाला, मुलं सांभाळायला राहिल्या. पांढरा सदरा, काळी विजार आणि मागे अंबाडा अशी त्यांची ओळख.

म्हातारपणी त्या कुठे जाणार? मूल नाही, घर नाही. त्यांच्यासाठी होती 'शाकाहारी घरं'. पंथाची दीक्षा घेतलेल्या बायका मिळून चालवायच्या. कामाच्या वर्षांत पैसे भरून तिथे जागा राखायची, सणाला जायचं, थकलं की तिथेच राहायचं. मरणानंतर आपल्या नावाची पाटी तिथे असेल आणि कुणीतरी तिच्यापुढे उदबत्ती लावेल, ही खात्री. मार्जोरी टॉपली या संशोधक बाईंनी सिंगापूरमधल्या या घरांचा अभ्यास करून १९५४ साली त्यावर लेख लिहिला. ही घरं आणि बौद्ध विहार होते म्हणून त्या शहरात हा स्वयंपाक जाणणारे हात टिकून राहिले.

वाचताना मला आपले श्राविकाश्रम आठवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत मगनबाईंनी, पुढे सोलापुरात सुमतिबाई शहांनी हेच तर पाहिलं : नवरा गेलेली, घरात जागा नसलेली बाई शिकावी, व्रत सांभाळावं, कुणाच्या उंबऱ्यावर आश्रित म्हणून बसू नये. समुद्रापलीकडच्या त्या बायकांना आपलं नाव माहीत नव्हतं, आपल्याला त्यांचं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मनात टोचते. 'सू' हे जे शाकाहाराचं अक्षर, त्याचा मूळ अर्थ न रंगवलेलं पांढरं रेशीम. आणि त्या मुली गिरणीत उकळत्या पाण्यातल्या कोशांतून ते रेशीम काढत होत्या. ताटात जीव नको म्हणणारे हात आणि कोश उकळणारे हात पुष्कळदा एकच. त्यांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. आपल्याही कपाटात आईची पैठणी आहे. अहिंसा एका दाराने आत आली म्हणजे सगळी दारं उघडली असं होत नाही, एवढंच.

पुढचा इतिहास शहराचा. सिंगापूरमध्ये हे सगळे नूडल्सवाले मूळचे रस्त्यावरचे, खांद्यावर कावड घेऊन फिरणारे. १९६८-६९ मध्ये सरकारने सगळ्या फेरीवाल्यांची नोंद केली, जवळपास १८,००० निघाले. १९७१ पासून त्यांच्यासाठी नळ, गटार, छप्पर असलेली केंद्रं बांधायला घेतली आणि १९८६ पर्यंत बहुतेक सगळे तिथे बसले. त्याच दशकात मॉलमध्ये थंडगार हवेचे फूड कोर्ट निघाले आणि तोच कावडवाला काचेमागे गेला. २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. स्वस्त खाणं हा वारसा ठरला, ही मला मोठी गोड गोष्ट वाटते.

गेल्या वर्षी मी लेकीकडे होते तेव्हा अशाच एका काउंटरवर गेलो. पौर्णिमा होती, म्हणून रांग लांब. माझा नऊ वर्षांचा नातू ताट घेऊन आला, त्यात दोन काप बदकाचे. म्हणाला, "आजी, हे शंभर टक्के शाकाहारी आहे. मी विचारलंय. तू का नाही खात?"

प्रश्न रास्त होता. त्याला मी यशोधर राजाची गोष्ट सांगितली. आपल्या बस्तीत कितीदा ऐकलेली. सोमदेवसूरींनी ९५९ साली 'यशस्तिलक' लिहिलं, पुष्पदंतांनी अपभ्रंशात लिहिली, कन्नडमध्ये जन्न कवींनी १२०९ साली लिहिली. गिरीश कार्नाडांनी त्यावर नाटकही केलं. उज्जैनचा राजा यशोधर. मन अस्वस्थ झालेलं, वाईट स्वप्नाचं निमित्त. आई चंद्रमती म्हणाली, देवीला जीव दे, संकट टळेल. राजा म्हणाला, मी जीव मारणार नाही. आईचं मन मोडवेना, म्हणून मधला मार्ग निघाला : पिठाचा कोंबडा करू. केला, आणि तलवारीने कापला. एकही प्राणी मेला नाही. तरी मायलेक दोघंही मोर, कुत्रा आणि असे कितीतरी पशूंचे जन्म घेत फिरले, मारले जात राहिले. हात पिठावर चालला, पण मनाने तर कोंबडाच मारला होता. याला आपण संकल्पी हिंसा म्हणतो.

नातू थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण आजी, त्या चिनी राजाने पिठाचे बैल केले तेव्हा खरे बैल वाचले ना?" ती गोष्टही मीच त्याला आदल्या दिवशी सांगितली होती!

वाचले. यात वादच नाही. वू राजाच्या दरबारात पिठाचा बैल म्हणजे हिंसेकडून अहिंसेकडे टाकलेलं पाऊल होतं. यशोधराच्या महालात पिठाचा कोंबडा म्हणजे अहिंसेकडून हिंसेकडे सरकलेलं पाऊल. पायरी तीच. एकजण वर चढताना तिच्यावर उभा होता, दुसरा खाली उतरताना. म्हणून रांगेत आमच्या पुढे उभा असलेला मनुष्य, जो एरवी खरं बदक खातो आणि आज पौर्णिमा म्हणून पिठाचं घेतोय, त्याला पाहून मला आनंदच झाला. त्या एका ताटापुरता एक जीव सुटला. पण ज्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कुणी ते चाखलं नाही, त्या पोराने त्याचा आकार, त्याची चव, त्याचं नाव जिभेवर का घ्यावं? उद्या खरं समोर आलं तर ते त्याला ओळखीचं वाटेल. मला भीती त्या ओळखीची आहे.

हे मी त्याला एवढ्या शब्दांत सांगितलं नाही. म्हटलं, तू ठरव. त्याने एक काप खाल्ला, दुसरा बाजूला ठेवला. मी काही बोलले नाही.

आणि फक्त सिंगापूरचं काय घेऊन बसायचं! आपल्याच लग्नांच्या बुफेत आता व्हेज खिमा आणि सोया चाप दिसतात. काडीला टोचून, हाडासारखी काडी बाहेर ठेवून. यजमान जैन, आचारी जैन, कांदा-लसूण नाही म्हणून पाटीवर अभिमानाने लिहिलेलं. यशोधराची आई आज असती तर तिला यात काही वावगं दिसलं नसतं.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. तांदळाची बी हून सगळ्यात सुरक्षित. पिवळ्या नूडल्सचा पिवळेपणा पुष्कळदा अंड्याचा नसून क्षाराच्या पाण्याचा असतो, पण अंडंही असू शकतं, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नका. 'ऑयस्टर सॉस' कालवांचा असतो. १८८८ साली दक्षिण चीनमध्ये निघालेला हा सॉस आता सगळीकडे आहे. शाकाहारी काउंटरवर त्याच्या जागी अळंबीचा वापरतात, म्हणजे तोही आपल्याला नाही. सोया सॉस महिनोन्‌महिने बुरशीवर आंबवतात. ज्यांना आंबवलेलं वर्ज्य आहे त्यांनी बिनसॉसचं मागा. गाजर आणि अळंबी नको, हे वेगळं सांगा. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की ती आपोआप वगळली जात नाहीत. कढई धुवून द्याल का, हे हात जोडून विचारा. गर्दी नसेल तर बहुतेक जण देतात. माझ्यासाठी त्या काउंटरवरच्या बाईंनी दिली. नुसत्या शेवया, कोबी, टोफू आणि मीठ. चातुर्मास लागायचा होता, म्हणून कोबी चालला. त्यांनी लेकीला विचारलं, तुमच्या आईंचं आज 'जाय' आहे का? लेक म्हणाली, त्यांचं रोजच असतं. बाई हसल्या आणि वर थोडा जास्त टोफू घातला.

आणि सूर्यास्ताकडे लक्ष ठेवा. सिंगापूरला वर्षभर सातच्या आसपास मावळतो. मुलांना ऑफिसातून यायला उशीर होतो, म्हणून तुमचं ताट साडेपाचलाच घ्या आणि मुलं जेवताना शेजारी गप्पा मारत बसा. कोणी काही म्हणत नाही.

तुमच्या घरात मुलांनी असा प्रश्न विचारला असेल तर तुम्ही काय उत्तर दिलंत, ते मला जरूर कळवा. नातवाला पुढच्या मे महिन्यात सांगायला मला अजून गोष्टी हव्या आहेत.